कानातल्या बिल्ल्याची माहिती मेंढपाळाकडे परत येऊ द्या

संपादक महोदय,

कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करायची नाही, हा राज्य सरकारचा नियम १ जून २०२४ पासून लागू झाला. माण तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावरच्या, मेंढरांना बिल्ले आहेत. बारा आकडी पिवळा बिल्ला, त्याची नोंद केंद्राच्या ‘भारत पशुधन’ प्रणालीत, आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीची लस कधी टोचली तेही तिथेच. हे काम चांगलं झालं, असं मी मनापासून मानते. पण आमच्याकडून वर गेलेली ही माहिती मेंढरू विकलं की थांबते. पुढं त्या मेंढराचं काय निघालं, हे ज्यानं ते वाढवलं त्याला कळत नाही. कत्तलीच्या वेळी तो बिल्ला कानासकट फेकला जातो.

आधी बाजाराचं सांगते. लोणंदला काय किंवा आटपाडीला काय, व्यापारी मेंढराच्या कमरेवर हात दाबतो, कणा चाचपतो आणि भाव सांगतो. पुष्कळदा तो रुमालाखाली बोटांनीच ठरतो, शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. कांद्याचा भाव क्विंटलला किती निघाला हे संध्याकाळपर्यंत गावोगाव मोबाइलवर येतं. मेंढराचा भाव कुठं लिहिलेला सापडलाच, तर तो नगाला असतो. नग म्हणजे किती किलोचा? जिवंत वजनाच्या साधारण निम्मं मटण पडतं. म्हणजे दोन किलोचा अंदाज चुकला की किलोभर मटण इकडचं तिकडं झालं, आणि दुकानात त्याला आज सातशेच्या वर मोजावे लागतात. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, हातानं उचलून वजन बरोबर सांगतात. पण त्यांचा अंदाज सौद्यात कोण मानणार? काट्यावरचा आकडा दोघांनाही मानावा लागेल.

भावापेक्षा मला जास्त लागतं ते आजाराचं. दिवाळी झाली की आमच्या भागातले वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. तिथं भातखाचरांच्या कडेला, साचलेल्या पाण्याजवळच्या गवतावर मेंढरं चरतात. अशाच जागी गोगलगायींमार्फत यकृतातल्या चपट्या कृमींची लागण होते. मेंढरू लगेच पडत नाही. हळूहळू वाळतं, हनुवटीखाली पाणी धरतं, लोकर सुटते. आपण जंताचं औषध पाजतो, पण सगळीच औषधं या कृमींवर चालत नाहीत. आयव्हरमेक्टिनचा त्यांच्यावर उपयोगच होत नाही, आणि अल्बेंडाझोल फक्त वाढ झालेल्या कृमींना मारतं. औषध अंदाजानं दिलं जातं, पैसे जातात आणि मेंढरू तसंच खंगत राहतं.

परवाना असलेल्या कत्तलखान्यात पशुवैद्यक कत्तलीनंतर प्रत्येक जनावराचं यकृत आणि फुप्फुस तपासतात, कृमींनी भरलेलं यकृत बाजूला काढतात. म्हणजे ज्या माहितीसाठी आम्ही वाड्यावर चाचपडतो, ती त्या टेबलावर रोज समोर असते. फक्त ते मेंढरू कुठल्या वाड्यावरचं, हे तिथं कुणी विचारत नाही. बिल्ल्याचा नंबर आणि ‘यकृतात कृमी’ एवढे दोन शब्द आमच्या मोबाइलवर आले, तरी पुढच्या हिवाळ्यात तळ कुठं टाकायचा आणि कोणतं औषध कधी पाजायचं हे ठरवता येईल. एका व्यापाऱ्यानं मागे आम्हाला ‘तुमच्या मालाची काळजं खराब निघतात’ म्हणून भाव पाडून दिला. खरं होतं की खोटं, आजही सांगता येत नाही. दाखवायला त्याच्याजवळ कागद नव्हता आणि तपासायला आमच्याजवळही नव्हता.

इतर देशांत हे होतं आहे. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२५ नंतर जन्मलेल्या कोकरांना, ती शेताबाहेर जाण्याआधी, इलेक्ट्रॉनिक बिल्ला सक्तीचा आहे, आणि कत्तलखान्यातली वजनं व आजार तिथल्या शेतकऱ्याला बघायला मिळतात. त्यांच्याकडं कुंपणातली मोठी कुरणं आहेत, आमची मेंढरं रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आणि दिवसा दुसऱ्याच्या रानात. म्हणून त्यांची पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. पण नोंदींनी काय साधतं हे बघायला फलटण पुरेसं आहे. निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. कुठल्या मेंढीला किती कोकरं, किती जगली, किती वजनाची झाली, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवल्याशिवाय ते झालं नसतं. मीही वहीत विण्याची तारीख आणि कोकरांची वजनं लिहिते. ती वही व्यापाऱ्याला दाखवायला मी तयार आहे. बकरी ईदच्या आधी कुठल्या वाड्यावर किती मेंढे तयार होतील हे त्याला दोन महिने आधी कळलं, तर त्याच्याही फेऱ्या वाचतील.

नोंदींचा दुसरा उपयोग संकटात. डिसेंबर २०२१ च्या अवकाळी पावसात आणि थंडीत जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर भागात शेकडो मेंढरं गारठून मेली. अशा वेळी परमुलखात असलेल्या माणसाला भरपाई मागताना आपली किती होती हे तोंडी सांगून पटवावं लागतं.

आमच्या लोकांच्या मनात भीतीही आहे, आणि ती मला रास्त वाटते. वाडा आज कुठं आहे हे सरकारला कळलं की वनखात्याचा दंड येईल, कळप किती मोठा हे समजलं की चोर येतील. म्हणून वाड्याचा ठावठिकाणा मेंढपाळाच्या संमतीशिवाय कुणालाही दिसू नये, आणि वजन व आजाराची माहिती दंडासाठी वापरता येणार नाही, हे सरकारनं लेखी द्यावं. एवढं असेल तर आण्णांसारखी जुनी माणसंही हो म्हणतील, मी त्यांच्याशी बोलले आहे.

२०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. सगळ्यांचं एकदम होणार नाही. पशुसंवर्धन विभाग आणि बाजार समित्यांनी लोणंद व आटपाडीला आधी एकेक काटा बसवावा, पावतीवर बिल्ल्याचा नंबर, किलो आणि भाव लिहावा, आणि एका मोठ्या कत्तलखान्याच्या पशुवैद्यकांना तपासणीचा निकाल त्या नंबरावर भरायला सांगावा. दिवाळीनंतर वाडे घाट उतरतील, त्याआधी हे सुरू व्हावं.

आपली,
मेंढपाळ कुटुंबातली एक लेक
ता. माण, जि. सातारा