निघण्याआधी वाच

फोंडा, गोवा
चवथीच्या आदला आठवडा

प्रिय शर्वरी,

काल बाजारात तुझी आई भेटली. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं बघायला आली होती, पण सगळा जीव इंग्लंडात शिकायला निघालेल्या तुझ्या बॅगेत. उकडे तांदूळ, सोलं, मिरसांगेची पूड, सगळं तेवीस किलोत कसं बसवायचं, हेच मला विचारत होती. मी तिला बाकी काही बोलले नाही. तुला मात्र सांगायलाच हवं, म्हणून रात्री लिहायला बसले.

लीड्सला शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच ऑक्टोबरात मी चार दिवस तापानं पडून होते. हे आजवर कुणालाच ठाऊक नाही, तुलाही नाही. आईचा व्हिडिओ कॉल आला की केस विंचरायचे, खिडकीच्या उजेडात बसायचं आणि "जेवले" म्हणून सांगायचं. डॉक्टरकडे गेले नाही, कारण बिल किती येईल याची धास्ती. व्हिसाच्या वेळी वर्षाला ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज भरला होता, त्यातच डॉक्टर आणि हॉस्पिटल आलं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. शेजारच्या खोलीत एक नायजेरियन मुलगी राहायची. तीन दिवस मी स्वयंपाकघरात दिसले नाही म्हणून चौथ्या रात्री तिनं दार वाजवलं. माझ्याकडे बघितलं आणि सरळ १११, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा नंबर, लावला. पलीकडची बाई शांतपणे एकेक विचारत होती: श्वास लागतो का, मान खाली वाकते का, अंगावर पुरळ आहे का. असेल तर काचेचा पेला दाबून धरा, पुरळ फिकं पडतं का बघा. मैत्रीण पेला हातात घेऊन माझे दंड तपासत होती आणि मी रडत होते. निघाला छातीतला संसर्ग. आणखी उशीर केला असता तर अवघड झालं असतं, असं डॉक्टरीण म्हणाली.

तो पेला मेनिंजायटिससाठी, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेसाठी, होता, हे मागाहून कळलं. त्याची मेनएसीडब्ल्यूवाय नावाची लस तिथे पहिल्यांदा विद्यापीठात येणाऱ्या पंचविशीच्या आतल्या मुलांना फुकट देतात. तू बसतेस त्यात, तेव्हा घे. शेफील्डला पोचल्यावर सिम कार्डाच्या पाठोपाठ जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे, नाव नोंदव. आजारी पडल्यावर नोंदवू म्हणू नकोस. तापात तो फॉर्म भरवत नाही. जीव धोक्यात असेल तर ९९९, नाहीतर १११. दात आणि डोळ्यांचे पैसे वेगळे पडतात, म्हणून दाढेचं ते काम इथेच उरकून घे. आणि फार्मसीत जाऊन नुसतं अँटिबायोटिक मागितलं तर बहुतेक वेळा चिठ्ठीशिवाय देत नाहीत.

खोलीचं म्हणशील तर, न बघता, कुणी प्रत्यक्ष जाऊन न पाहता एक पौंडही पाठवू नकोस. "मालक परदेशात आहे, चावी कुरिअरनं येईल" असं कुणी म्हटलं की तिथेच थांब. इंग्लंडात डिपॉझिट सहसा पाच आठवड्यांच्या भाड्याच्या वर घेता येत नाही, आणि घरमालकानं ते तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. कागद मागून घे, लाजू नकोस. व्हिसात चूक आहे, आत्ता दंड भरा, असा फोन आला तर ठेवून दे. सरकारी खातं असे पैसे मागत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलानं भरले होते. घरी सांगायची लाज वाटून तो महिनाभर पावावर राहिला. आठवलं की अजून पोटात कालवतं.

फोडणी घालताना खिडकी उघड, पंखा लाव, आणि धुराच्या अलार्मवर मोजा चढवू नकोस. आमच्या मजल्यावर कुणीतरी चढवला होता, आणि रात्रभर त्याखाली आम्ही सहाजण झोपलो होतो.

डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य जातो. आपण सूर्यास्तापर्यंत मिरामारच्या वाळूत बसणारी माणसं, आपल्याला ते झेपायला वेळ लागतो. दुपारी उजेड असेल तेव्हा बाहेर पड, काम नसलं तरी. नोकरीचे तास सत्रात आठवड्याला वीसच, त्याहून जास्त करू नकोस. व्हिसाचा प्रश्न आहेच, पण झोपेचाही आहे. रात्री फार एकटं वाटलं तर समॅरिटन्स या मदतसंस्थेचा ११६ १२३ हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास. तिथे तुझ्या इंग्रजीकडे कुणी बघत नाही, ऐकून घेतात.

रविवारी बॅग भरायला येते. तांदूळ कमी करू. तिथे भारतीय दुकानात मिळतो. सोलं मात्र सगळी ने. तुझी नेहमीची औषधं, डॉक्टरची चिठ्ठी आणि लसींचे कागद हातातल्या बॅगेत ठेवू. मोपा विमानतळावर सोडायला मी येणारच.

पोचलीस की रोज रात्री मला एक ओळ पाठव. आईला काय सांगायचं ते तू ठरव, पण मला खरं लिही. जेवली नसशील तर "नाही जेवले" असंच लिही. तुझी ओळ येईपर्यंत मी जागी राहीन.

तुझी,
मुक्ता