चौपटीचा हिशोब

दांडिया बाजार, बडोदे
५ जानेवारी

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "पोरीचं काम नीट झालं का रे?" आणि मी "झालं, झालं" म्हणून वेळ मारून नेली. ईशा शेजारीच उभी होती, दुसरं काय सांगणार? आता ती पुण्याला पोचली आहे, तेव्हा सविस्तर लिहितो. पत्र तिच्या हाती लागलं तरी हरकत नाही. यातलं निम्मं तिला मी रिक्षातच ऐकवलंय आणि "काका, मला पगार कामाचा मिळतो, मतांचा नाही" असं म्हणून तिने मला गप्पही केलंय. पोरगी तुझ्यावर गेली नाही, हे बरं झालं.

तर तिच्याबरोबर शूटिंगला आलेल्या त्या इन्फ्लुएन्सर बाई. नाव लिहीत नाही, तुमच्या घरात कोणीतरी नक्की त्यांना फॉलो करत असणार. काम एका साडीच्या ब्रँडचं, विषय 'साधं जगणं'. साध्या जगण्याला चार सुटकेसा लागल्या. गाडी तुमच्या जुन्या पोळीत (खायची नव्हे, 'पोळ' म्हणजे आपली अरुंद गल्लीची वस्ती) शिरत नाही, म्हणून त्या मी आणि ईशाने गल्लीच्या तोंडापासून आत ओढल्या. एकीत नुसती तांब्या-पितळेची भांडी होती. पोळीत घरोघरी तांबं-पितळ पडलंय, पण ते म्हणे 'फ्रेममध्ये बसत नाही'. त्यावर डाग असतात ना.

शूटिंग तिथल्या माईंच्या घरासमोरच्या ओट्यावर. बाई मांडीवर परात घेऊन तांदूळ निवडत बसल्या (पॉलिश केलेला बासमती, त्यात निवडायचं काय होतं देव जाणे) आणि तेवढ्यात माईंच्या कुकरची शिट्टी झाली. बाईंनी हात वर केला. "आंटी, दो मिनट बंद करेंगे?" माईंनी खिडकीतून मान बाहेर काढून मराठीतच सांगितलं, "तीन झाल्याशिवाय माझी तूर शिजत नाही, बाई." मग सगळा ताफा उरलेल्या शिट्ट्यांची वाट बघत उन्हात उभा. रात्री ईशाने मला तयार झालेली रील दाखवली. तिच्यात तिथला एकही आवाज नाही! सध्या जे गाणं सगळीकडे वाजतंय तेच खाली चिकटवलेलं. मग माईंचं वरण कशाला अडवत होतीस, बये? आणि वर ठळक अक्षरांत ओळ: 'जुन्या घरांचे आवाज ऐकलेत कधी?'

मी इतका हसलो की ईशा रुसली.

हे बघ, नटून-थटून फोटो काढण्याला माझी काही हरकत नाही. पैसे कमावण्याला तर मुळीच नाही. आयुष्यभर ट्यूशन घेतलेल्या मास्तराने त्यावर बोलूही नये. मला खटकलं ते एवढंच, की अख्ख्या दिवसात त्या बाईंनी एकाही माणसाला एकही प्रश्न विचारला नाही. माईंना नाही, रिक्षावाल्याला नाही, पहारेकऱ्याला नाही. बडोद्यात काय बघायचं, तिथे उभं कसं राहायचं, काय वाटायचं आणि कुठल्या कोनातून वाटायचं, हे सगळं इतरांच्या रील्स बघून मुंबईतच ठरलं होतं. इथे नुसतं येऊन भरायचं होतं.

सेव-उसळीचंच घे. तुला आठवत असेल, आपल्याकडे तर्री टेबलावर वेगळी ठेवतात, ज्याची जेवढी छाती तेवढी त्याने घ्यावी. शेव उसळीवर पडली की मिनिटा-दोन मिनिटांत खायची, नाहीतर लगदा होतो. बाईंनी आधी प्लेटचा फोटो काढला. मग पहिला घास: डोळे मिटणे, मान डोलावणे, हात हवेत. मग तोच पहिला घास पुन्हा, कारण मागून कोणीतरी स्कूटर काढली. मग आणखी एकदा, कारण केस. तोवर शेवेचा गिलावा झालेला. उरलेली प्लेट तशीच ठेवून सगळे उठले. दुकानदार बिचारा पुढे येऊन विचारतो, "बेन, भावलं नाही का?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा 'मरण्याआधी एकदा खाच' हे वाक्य रेकॉर्ड होत होतं. वाटाणे तो केव्हा भिजत घालतो, तर्रीला मिरची कुठली, पावाबरोबर लोक कच्ची पात का मागतात, हे सांगायला तो उतावीळ होता. मग मीच विचारत बसलो आणि दोन प्लेटी जास्त हाणल्या.

त्याच्याकडूनच आणखी एक कळलं. असे पुष्कळ येतात. काही फुकट खातात, काही रील करून देण्याचा दर सांगतात, आणि एकाने तर पैसे दिले नाहीत म्हणून 'ओव्हररेटेड' अशी रील टाकली. असं काही घेऊन ते लपवणं नियमाबाहेरचं आहे, विन्या. जाहिरातींच्या मानक परिषदेची, म्हणजे एएससीआयची, इन्फ्लुएन्सरांसाठीची नियमावली २०२१ पासून आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही स्वतःची मार्गदर्शिका काढली. पैसे, फुकटची वस्तू, हॉटेलातला मुक्काम, काहीही मिळालं असेल तर ते ठळकपणे सांगायचं, हॅशटॅगच्या गर्दीत दडवायचं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. ईशाच्या कंपनीने साडीच्या रीलवर 'पेड पार्टनरशिप' लिहिलं, ते मान्य. पण सेव-उसळ खिलवणाऱ्या त्या गल्लीबोळातल्या फूड ब्लॉगरांच्या रील्सवर असं काही लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता राजवाडा. इथे मात्र माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला, तेव्हा जरा दम धर.

लक्ष्मीविलासच्या प्रत्येक रीलमध्ये एक वाक्य असतंच: 'बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट'. बाईंच्या फोनवरही ते लिहून आणलेलं होतं. मी विचारलं, "चौपट म्हणजे काय चौपट? उंची, खोल्या, क्षेत्रफळ?" त्या म्हणाल्या, "सर, सगळीकडे तेच आहे." आणि खरंच, सगळीकडे तेच आहे. जोडीला आकडेही तेच: आपला राजवाडा ३,०४,९२,००० चौरस फूट, बकिंगहॅम ८,२८,८२१. घरी येऊन मी भागाकार केला. उत्तर येतं जवळजवळ ३७. म्हणजे चौपट म्हणणारे आणि हे आकडे देणारे बहुधा एकच, एकाच दमात दोन्ही सांगणारे, आणि दोन्हींचा एकमेकांशी मेळ नाही. पुढे ऐक. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. त्याने ३,०४,९२,००० ला भाग. बरोब्बर ७००. बाकी शून्य! राजवाड्याच्या आवाराची जमीन म्हणून जे सातशे एकर सांगतात, तेच कोणीतरी फुटांत मांडून राजवाड्याच्या नावावर टाकलेत. झाडं, गोल्फचं मैदान, मोतीबाग, सगळं धरून. आपलं शेत मोजायचं आणि शेजाऱ्याच्या माजघराशी तुलना करायची, त्यातला हा प्रकार. आणि ते लाखो लोकांनी बघितलं, हजारोंनी स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हटलं, भागाकार कोणी केला नाही.

राजवाड्याचा पहिला आर्किटेक्ट मेजर मँट १८८१ साली गेला आणि पुढचं काम चिझम या दुसऱ्या आर्किटेक्टने पूर्ण केलं. आपली आकडेमोड चुकली, इमारत टिकायची नाही, या धास्तीने मँटचं डोकं फिरलं होतं असं सांगतात. तीही गोष्ट रीलमध्ये असते, मागे भीतीदायक संगीत लावून. आकड्यांपायी झुरलेल्या माणसाची गोष्ट सांगणाऱ्यांनी आकड्यांशी असं वागावं!

तांबेकर वाड्याचं थोडक्यात सांगतो. भिंतीभर एकोणिसाव्या शतकातली चित्रं, मराठे-इंग्रजांच्या लढायांपासून कृष्णलीलांपर्यंत, आणि बाई त्यांच्यापुढे फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये उभ्या. पोर्ट्रेट मोडने काय होतं ठाऊक आहे ना? मागचं सगळं पुसट होतं. गायकवाडांच्या स्मारकात, कीर्तिमंदिरात, चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत म्हटल्यावर "वो कौन?" एवढं तरी विचारतील असं वाटलं होतं. "उजेड कमी असेल" म्हणाल्या आणि आम्ही कॉफी प्यायला गेलो. त्या कॉफीची मात्र रील झाली.

ईशाने मला यामागचं यंत्र समजावलं आणि तिचं म्हणणं मला पटतं. पहिल्या तीन सेकंदांत बघणारा थांबला नाही तर गेला. जे गाणं चाललंय तेच लावलं तर पोच वाढते. टेम्पलेट तयार असतं, कुठे कट पडणार ते आधीच ठरलेलं, आपण फक्त आपले तुकडे भरायचे. जे एकदा चाललं ते पुन्हा चालतं, म्हणून सगळे तेच करतात. ठीक. पण याच मोबाइलवर मी वेगळंही पाहिलंय. टिकटॉक होतं तेव्हा शेतात, गोठ्यात, वीटभट्टीवर उभी राहून माणसं काय काय करायची! पुष्कळसं बटबटीत असायचं, पण कोणाचं उसनं नसायचं. २९ जून २०२० ला ते बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणल्या, आणि त्या माणसांपैकी कितीतरी पुन्हा कधी दिसलीच नाहीत. त्यांच्या जागी एकसारख्या पांढऱ्या भिंतींची घरं आली.

आणि २०२४ च्या ऑगस्टमधला पूर. विश्वामित्री नदी ३५ फुटांवर गेली, अर्धं शहर अंधारात, गच्चीवरून दोरीने दूध ओढून घेत होतो. तेव्हा बाहेरच्या लोकांना बडोद्यातून हवी होती फक्त नदीतून शहरात आलेली मगर. छपरावरची मगर, स्कूटरवरून नेलेली मगर, खाली विनोदी गाणं. शहरातल्याच एका बाईने, जिचा भाग उंचावर आहे, खिडकीत वाफाळता कप धरून 'पावसाळी मूड' टाकला. त्याच वेळी आमच्या खालच्या मजल्यावरचा बारावीतला पोरगा काय करत होता सांगू? समोरच्या विजेच्या खांबावर त्याने खडूने रेघ मारली होती. दर तासाला गच्चीतून तो खांब आणि पाणी दाखवायचा, वेळ सांगायचा, कुठल्या रस्त्याने ट्रॅक्टर येतोय ते सांगायचा. चेहरा एकदाही दाखवला नाही. आवाज फुटलेला, कॅमेरा हलणारा. आम्ही सगळे जीव मुठीत धरून तेच बघत होतो. ईशाला मी ते दाखवलं. तिने पूर्ण बघितलं, आणि "याला व्ह्यूज किती?" हा प्रश्न ओठांवर आलेला तिने गिळला. मी बघितलं ते.

पोरीत दम आहे, विन्या. निघताना तिने माईंकडे जाऊन कुकरबद्दल माफी मागितली आणि वरण-भात जेवून आली. त्याचं चित्रीकरण केलं नाही. नोकरी सोड वगैरे तिला सांगू नकोस, तू सांगशील म्हणूनच लिहितोय. घरभाडं तिचं तिला भरायचंय.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, येतोस ना? उंधियूची ऑर्डर द्यायला चौदाच्या आधी माणसं कळायला हवीत, म्हणून लगेच कळव. ईशाला रजा मिळत असेल तर तिलाही आण. त्या बाईंनाही आणायचं म्हणत होती, आणू दे. मात्र आमच्या गच्चीवर फिरकी धरायला माणूस कमी पडतो, हे त्यांना आधीच सांगून ठेव.

तुझा,
श्रीधर