कॅमेऱ्याचे नाव बघून फाइल नाकारणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कायमस्वरूपी परवान्याच्या जुन्या आवृत्तीत डीएनजी (रॉ फोटोंचा खुला फॉरमॅट) फाइल उघडत नसल्याबद्दल

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

मी बार्शीत फोटो स्टुडिओ चालवतो. लग्न, मुंज, बारसे, डोहाळजेवण, शाळांची स्नेहसंमेलने अशी कामे घेतो. स्टुडिओत मी आणि धाकटा भाऊ, दोघेच. आपले फोटो एडिटिंगचे सॉफ्टवेअर मी २०१५ साली पूर्ण किंमत मोजून घेतले. एकदा पैसे भरा आणि कायम वापरा, अशीच आपली तेव्हाची जाहिरात होती आणि बिलावरही ‘पर्पेच्युअल लायसन्स’ असे छापलेले आहे. हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडते. त्वचेचा रंग ते फार चांगला सांभाळते, म्हणून इतकी वर्षे मी दुसरीकडे वळलो नाही.

पूर्वी माझ्याकडे निकॉनचा डी५५०० होता. त्याच्या रॉ फाइल्स, म्हणजे सेन्सरने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती, आपल्याकडे बिनबोभाट उघडायच्या. त्याचे शटर गेले. दुरुस्तीचा आकडा ऐकून, त्याच मालिकेतला त्याच्या पाठचा डी५६०० घेतला. दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर २४.२ मेगापिक्सेलचा, दोन्हींत एक्स्पीड ४ हाच प्रोसेसर, दोन्हींचा फोटो ६००० बाय ४००० बिंदूंचा. नव्यात वाढले ते मुख्यतः ब्लूटूथवरून मोबाइलला फोटो पाठवणे आणि टाइम-लॅप्स. तरीही या कॅमेऱ्याची एनईएफ, म्हणजे निकॉनची रॉ फाइल दिली की ‘या कॅमेऱ्याला सपोर्ट नाही’ अशी पाटी येते.

एवढ्यावर मी पत्र लिहिले नसते. डी५६०० बाजारात आला २०१६ च्या अखेरीस, म्हणजे माझ्या आवृत्तीनंतर. एनईएफ हा निकॉनचा स्वतःचा फॉरमॅट आहे. प्रत्येक नव्या मॉडेलसाठी काळ्या-पांढऱ्याची पातळी, रंगांचे गणित हे सॉफ्टवेअरवाल्यांना नव्याने बसवावे लागते. ते काम आपण जुन्या आवृत्तीसाठी जन्मभर फुकट करत राहावे, असे माझे म्हणणे नाही.

माझी तक्रार डीएनजीबद्दल आहे.

अ‍ॅडोबीने हा फॉरमॅट २००४ साली जाहीर केला तो नेमक्या याच अडचणीवर. त्याचा सगळा तपशील खुला आहे, कोणत्याही कंपनीने वापरावा. लायका, पेंटॅक्स आणि रिको यांच्या कित्येक कॅमेऱ्यांत रॉ फोटो थेट डीएनजीत मिळतो, अँड्रॉइड फोनचे रॉ फोटोही डीएनजीतच येतात. सेन्सरवर लाल, हिरवे, निळे फिल्टर कोणत्या क्रमाने बसवले आहेत, काळे कुठे सुरू होते, पांढरे कुठे संपते, रंग कोणत्या कोष्टकाने बदलून घ्यायचे, हे सगळे या फाइलमध्येच लिहिलेले असते. उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या कॅमेऱ्याची आधीपासून ओळख असायची गरजच उरत नाही. जुनी आवृत्ती आणि नवा कॅमेरा यांची गाठ पडावी यासाठी माझ्यासारख्या माणसाला हाच रस्ता आहे.

आणि आपल्या खोक्याच्या मागच्या बाजूला, वैशिष्ट्यांच्या यादीत, ‘डीएनजी फाइल्स उघडते’ असे स्पष्ट लिहिले आहे. पुढे फुली नाही, खाली बारीक अक्षरात अट नाही. खोके मी जपून ठेवले आहे.

म्हणून मी अ‍ॅडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरने माझ्या एनईएफ फाइल्स बदलून घेतल्या. त्यात ‘कंपॅटिबिलिटी’ म्हणून एक पर्याय असतो. जुन्या सॉफ्टवेअरला पचेल अशा जुन्या प्रकारची डीएनजी त्यातून निघते. तीही आपल्या सॉफ्टवेअरने नाकारली. पाटी तीच.

आता पुढचे आपल्या तंत्रज्ञांना जरूर वाचायला द्यावे. त्याच डीएनजीची एक प्रत काढली आणि एक्झिफटूल या मोफत साधनाने तिच्यात फक्त कॅमेऱ्याचे नाव बदलले. ‘मॉडेल’ आणि ‘युनिक कॅमेरा मॉडेल’ अशा दोन जागी ते नाव असते, तिथे डी५६०० च्या जागी डी५५०० लिहिले. चित्राच्या एकाही बिंदूला हात लावला नाही. फाइल लगेच उघडली.

तो फोटो एका हळदीचा होता. मांडवात हॅलोजनचा पिवळा उजेड, नवरीची पिवळी साडी, गालावर पिवळी हळद. असा प्रसंग कॅमेऱ्याच्या जेपीजीत घेतला तर लाल रंगाची पातळी कमाल मर्यादेला जाऊन टेकते आणि गालावर नुसते सपाट पिवळे डबके दिसते. जेपीजीत एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. त्या जास्तीच्या पायऱ्यांमुळेच हळद लावणाऱ्या मावशीच्या बोटांचे उमटलेले पट्टे, कानाजवळ सुकून भेगाळलेली हळद, हे सगळे परत आणता येते. नाव बदललेल्या फाइलमधून ते सगळे आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये मी परत आणले. त्वचा जशी हवी तशी आली. म्हणजे फाइल वाचण्याची ताकद आपल्या जुन्या आवृत्तीत पूर्ण आहे. ती वाचायच्या आधी कॅमेऱ्याचे नाव बघते आणि नाव यादीत नसले की दार लावून घेते.

हे मी आपल्या ग्राहक सेवेला ईमेलने कळवले. उत्तर आले की आपली आवृत्ती जुनी आहे, नव्या आवृत्तीची वार्षिक वर्गणी घ्या. पुन्हा लिहिले, तर तोच मजकूर तारीख बदलून आला. मी विचारलेला प्रश्न एकच होता : खोट्या नावाने उघडणारी फाइल खऱ्या नावाने का उघडत नाही? त्याला आजवर कोणीही उत्तर दिलेले नाही.

फोनवर एका प्रतिनिधीने मात्र सुचवले की नाव बदलून उघडते आहे ना, मग तसेच चालवा. हे मला मान्य नाही आणि का ते नीट सांगतो. रॉ फाइल हा आमच्या धंद्यात अस्सलपणाचा पुरावा असतो. छायाचित्र स्पर्धेत फोटो निवडला गेला की परीक्षक मूळ रॉ मागवून घेतात. कधी वाद झाला तर फोटो कोणत्या कॅमेऱ्याने, केव्हा काढला हे त्याच फाइलवरून ठरते. तिथे माझ्या हाताने खोटी माहिती भरलेली फाइल दाखवली तर फोटोत काय काय फिरवले असेल, असा संशय माझ्यावर येणार. आपल्या सॉफ्टवेअरच्या एका तपासणीपायी मी माझ्या कामावर हा डाग का लावून घ्यावा?

वर्गणी का घेत नाही, तेही सांगतो. स्टुडिओतला संगणक विंडोज ७ वर चालतो, आपल्या नव्या आवृत्तीला किमान विंडोज १० लागते. म्हणजे वर्गणीच्या आधी संगणकाचा खर्च. पण त्याहून मोठी गोष्ट जुन्या कामाची आहे. लग्न होऊन कित्येक वर्षे झालेली माणसे माझ्याकडे परत येतात. वडील गेले, त्यांचा आमच्या लग्नातला तो फेट्यातला फोटो मोठा करून द्या, म्हणतात. अशा वेळी जुन्या कॅटलॉगमधला फोटो तेव्हा केला होता तसाच निघायला हवा. नव्या आवृत्तीची रंगप्रक्रिया वेगळी आहे, आणि तीत माझी जुनी एडिटिंग जशीच्या तशी उतरत नाही, हे दुसऱ्या संगणकावर आपल्याच चाचणी आवृत्तीत मी पाहिले आहे. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअर डी५६०० ची फाइल सरळ उघडतात. त्यांच्याकडे जायचे तर इतक्या वर्षांत बसवलेले सगळे प्रीसेट (जतन केलेल्या सेटिंग) आणि हाताचा सराव सोडून द्यावा लागेल. मला ते नको आहे. मी पैसे भरून घेतलेले सॉफ्टवेअर मला वापरायचे आहे.

माझे मागणे छोटे आहे. माझ्या आवृत्तीसाठी एक लहान अपडेट द्यावे, ज्याने डीएनजी फाइलवरची कॅमेऱ्याच्या नावाची तपासणी निघेल आणि अनोळखी कॅमेऱ्याच्या बाबतीत फाइलमधलेच रंगांचे कोष्टक वापरले जाईल. नव्या लेन्सचे प्रोफाइल नको, एनईएफचा सपोर्ट नको. हे करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नसेल तर कारण लेखी कळवावे. करायचेच नसेल, तर खोक्यावर दिलेला शब्द पाळला गेला नाही म्हणून माझी रक्कम परत करावी. आणि आज आपल्या विक्रीच्या पानावर डीएनजीबद्दल जे लिहिले आहे, तिथे ‘फक्त आमच्या यादीतल्या कॅमेऱ्यांच्या’ ही अट ठळक अक्षरात घालावी, म्हणजे नवा घेणारा निदान पैसे भरण्याआधी विचार करील.

जी सोय आहे म्हणून जाहिरात केली ती प्रत्यक्षात अटीसह देणे, याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा असे शब्द आहेत. मी व्यावसायिक वापर करतो म्हणून ग्राहक नाही, असा मुद्दा पुढे येऊ शकतो, म्हणून आधीच लिहितो : स्वयंरोजगारातून केवळ पोटापाण्यासाठी केलेला वापर त्याच कायद्याने व्यावसायिक हेतूतून वगळला आहे. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, म्हणजे मला सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे जाता येईल. तिथवर जायची वेळ येऊ नये असेच मला वाटते. हे पत्र पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तराची वाट पाहीन.

सोबत बिलाची आणि खोक्याच्या मागच्या बाजूची प्रत, आपल्याशी झालेला ईमेल व्यवहार आणि पेनड्राइव्हवर तीन फाइल्स जोडल्या आहेत : मूळ एनईएफ, तिची नाकारलेली डीएनजी आणि फक्त नाव बदललेली, उघडणारी डीएनजी. फोटोतल्या कुटुंबाची परवानगी घेतलेली आहे, ती फक्त तपासणीपुरती. शेवटच्या दोन फाइल्स आपल्या तंत्रज्ञाने माझ्याच आवृत्तीत एकापाठोपाठ एक उघडून पाहाव्यात आणि जे दिसेल ते उत्तरात लिहावे.

कळावे,

आपला ग्राहक,
फोटो स्टुडिओ चालक, बार्शी, जि. सोलापूर