आशू, घाटात झोप येत नाही

चि. आशूस,
आण्णाचा आशीर्वाद.

परवा रात्री पोचलो. मुंबईला दादा गाडी घेऊन आला होता, पहाटे कराड. बॅग आईनं अजून पूर्ण उघडलेली नाही, वरचा खजूर तेवढा काढला आणि आळीत वाटून टाकला. ते मणी तिला फार आवडले, पण तिनं विचारलंच, "पोरीनं स्वतःला काय घेतलं?" मी गप्प बसलो.

फोन केला की तू म्हणतेस "आण्णा ड्युटीवर आहे" आणि मी बरं म्हणून ठेवून देतो, म्हणून हे टाइप करतोय. एका बोटानं चाललंय, दोन दिवस झाले. निवांत असशील तेव्हा वाच. गाडीत वाचू नको, सिग्नलला पण नाही.

त्या सकाळचं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. दुबईचंच लिहितो, कारण एवढं सगळं दाखवलंस आणि निघताना मी नीट काही बोललो पण नाही.

मेट्रोचं आधी. तू ते गोल्डचं तिकीट काढलंस, दुप्पट भाडं, मला वाटलं आरामात बसायला मिळावं म्हणून. तू मला धरून पार पुढं काचेजवळ नेलंस आणि म्हणालीस, "आण्णा, बघा ड्रायव्हर कुठाय." बुर्जुमानवरून निघालो, गाडी जमिनीखालनं वर उजेडात आली आणि समोर नुसते रूळ. सीट नाही, स्टेअरिंग नाही, कोणी म्हणजे कोणीच नाही. एकतीस वर्षं मी एसटीच्या पुढच्या काचेतनं रस्ता बघितला आशू, पण हातात काही नसताना असा कधीच बघितला नव्हता. प्रत्येक स्टेशन जवळ आलं की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तू बघत होतीस, हसली नाहीस, माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. २००९ पासून ही अशीच चाललीय म्हणालीस, सगळं कंट्रोल रूममधून. दोन दिवस मी बापूला तेच सांगत होतो. त्या गाडीला झोप येत नाही. माणसाला येते.

बघ, आलोच परत तिथं.

बुर्ज खलिफाचं सांगतो. ८२८ मीटर, १६३ मजले, हे तू सांगितलेलं मी डायरीत लिहून ठेवलंय. १२४ व्या मजल्याला लिफ्ट मिनिटभरात गेली, कानात दडे बसले, तू आवंढा गिळायला सांगितलंस. वर सगळे समुद्राकडं तोंड करून फोटो काढत होते आणि मी खाली शेख झायेद रोडकडंच बघत होतो, एवढ्या लेन आणि गाड्या मुंगीएवढ्या, एक मुंगी दुसरीला चिकटत नव्हती. ते गाईड म्हणत होता ना, रमजानमध्ये इथं ऐंशीच्या वरच्या मजल्यांवरचे लोक दोन मिनिटं उशिरा रोजा सोडतात आणि दीडशेच्या वरचे तीन, कारण त्यांना सूर्य तेवढा वेळ जास्त दिसतो. ते मला फार आवडलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग चतुर्थीला चंद्र त्यांना आधी दिसत असेल.

पण खरं सांगू का, मला त्या उंच बिल्डिंगांपेक्षा खाडीवरचा तो अब्रा आवडला. एक दिरहम देऊन देराहून बर दुबईला, लाकडी होडी, मधल्या खळग्यात बसलेला तो बंगाली चालक आणि चारी बाजूला आपण लोक. पैसे हातानं गोळा करत होता, एकदा सुद्धा मान खाली घातली नाही. चांगला ड्रायव्हर असाच ओळखायचा, हात काही पण करू देत, नजर पुढं. मसाल्याच्या बाजारातला तो लिंबाचा वास अजून माझ्या स्वेटरला आहे, ती वाळवून काळी केलेली लिंबं. आई विचारते ह्याचं करायचं काय. ते म्युझियम ऑफ द फ्यूचर आणि फ्रेम मी बाहेरून बघितलं तेवढं पुरे झालं, तिकिटाचे पैसे वाचवलेस ते बरं केलंस. बसस्टॉपला एसी आहे हे मात्र मी डेपोतल्या जुन्या मंडळींना सांगितलं तर कोणी विश्वासच ठेवेना, फोटो दाखवावा लागला.

आणि एक मी तुला बोललो नव्हतो. बापूच्या खोलीवर करामाला राहिलो त्या रात्री मला झोप लागली नाही, पाचलाच खाली उतरलो, चहा मिळेल म्हणून. तिथनं कामगारांच्या पांढऱ्या बसेस चालल्या होत्या, एकामागं एक. प्रत्येक खिडकीला एक डोकं टेकलेलं. तोंडं उघडी, डबे मांडीवर. बापू म्हणाला उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम सरकारनं बंद ठेवलंय, कायदाच आहे. म्हणलं चांगलंय, उन्हाला कायदा आहे. पण ते झोपलेले लोक बघून मला एवढंच वाटलं की ह्यांची गाडी दुसरा कोणीतरी चालवतोय, ह्यांना झोपता तरी येतंय. तू बारा तास पायावर उभी राहून वर स्वतः चालवत जातेस.

आणि त्यानंतर दोन तासानं तू मला घ्यायला आलीस.

आता लिहायलाच लागणार. मी तुझ्या शेजारी उजव्या बाजूला बसलो होतो. तिकडं स्टेअरिंग डावीकडं, त्यामुळं आपल्याकडं जिथं ड्रायव्हर बसतो तिथंच मी बसलेलो आणि समोर काही नाही. शारजाकडं जाणाऱ्या ३११ नंबरच्या हायवेला लागलो. समोरनं दुबईकडं येणाऱ्या गाड्यांची एवढी लाईन की हलत नव्हती आणि आपली बाजू मोकळी, कारण सगळी दुनिया सकाळी शारजाहून दुबईला येते आणि तू रात्रपाळी करून उलटी घरी जातेस. माझ्या काचेतनं कोवळं ऊन येत होतं. तू मला सांगत होतीस की वॉर्डातली ती म्हातारी कशी तुझाच हात धरून झोपते, आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं. मला वाटलं विचार करतेस. मग तुझी हनुवटी खाली आली, अगदी बोटभर, आणि चाकाखाली टर्रर्र आवाज सुरू झाला कडेच्या पट्ट्यांचा आणि मी स्टेअरिंगला हात घातला.

मी ओरडायला नको होतं. तू दचकलीस ते माझ्या ओरडण्यानंच जास्त. तू म्हणालीस काही झालं नाही आण्णा, आणि मी म्हणलं काही झालं नाही म्हणजे काय, आणि मग तू म्हणालीस, "एकतीस वर्षं तुम्ही रात्रीची गाडी चालवलीत, तेव्हा आम्ही कोणी विचारलं का तुम्हाला?" तिथनं खोलीपर्यंत आपण बोललो नाही. तू तीनपर्यंत झोपलीस आणि मी गॅलरीत बसून होतो. संध्याकाळी तू मला बूट घेऊन दिलेस.

नाही विचारलं तुम्ही कोणी. मी सांगितलं असतं तर विचारलं असतं. ते आता सांगतो, आईला पण माहिती नाही.

९८ चा डिसेंबर. मुंबईहून कराडला रातराणी घेऊन येत होतो. आदल्या दिवसाची ड्युटी करून ही डबल घेतलेली, कोणी जबरदस्ती केली नव्हती, मीच मागून घेतली, विहिरीचा हप्ता होता. खंबाटकी एकदम व्यवस्थित काढला. लोक म्हणतात घाटात सांभाळा. आशू, घाटात झोप येत नाही. घाटात हात, पाय, डोळे, कान सगळे कामाला असतात. सातारा सोडला, नागठाणे गेलं, अतीतच्या पुढं सरळ रस्ता लागला, थंडी, पुढं उजाडायला लागलेलं, आणि मला वाटलं आता काय, पोचलोच. मला वडाचं झाड दिसलं ते आठवतंय. मधलं आठवत नाही. मग घंटी, घंटी, घंटी, आणि आमचे कंडक्टर मास्तर मागनं ओरडतायत. डावी चाकं डांबर सोडून खाली आणि पुढं तेच झाड. थांबवली कशी ते मला आजही सांगता येत नाही. त्रेचाळीस माणसं होती. मागच्या सीटवरची एक बाई जागी झाली आणि म्हणाली, "उंब्रज आलं का?"

कॅनमधलं पाणी तोंडावर मारलं, उरलेलं अंतर मास्तर माझ्याशेजारी उभे राहून बोलत आले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आता ते पण नाहीत. घरी आलो तर तू शाळेचा ड्रेस घालून पायरीवर बसलेली, एका वेणीला रिबीन, दुसरी हातात. "आण्णा बांधा." माझ्या हातानं गाठच बसेना. तू म्हणालीस आण्णा तुम्ही नुसतं गोल गोल करताय. दुसरीत होतीस.

म्हणून मी ओरडलो.

डुलकी लागली हे ज्याला लागते त्याला कळत नाही, तू म्हणालीस मला कळत होतं, नाही कळत. माझी गाडी साठच्या पुढं फारशी जायची नाही, तुझ्या रस्त्याला ११० ची पाटी आहे. मी डायरीत हिशोब केलाय, सेकंदाला तीस मीटर. तीन सेकंद डोळे मिटले तर नव्वद मीटर, म्हणजे आपल्या घरापासून मारुतीच्या देवळाच्या पुढं. काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, चिमटे काढणं, हे सगळं मी केलंय, ह्यानं काही होत नाही, पाच मिनिटं बरं वाटतं आणि तीच पाच मिनिटं फसवतात. झोपेला झोपच लागते. ड्युटी सुटली की तिथंच रेस्टरूममध्ये वीस मिनिटं पड. चहा-कॉफी घेऊन पडलीस तर उठेपर्यंत ती चढलेली असते. पण खाली बंद पार्किंगमध्ये एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नको, तो धूर जीव घेतो. आणि सलग नाईट असतील त्या आठवड्यात गाडी नेऊच नको. युनियनवरून शारजाच्या जुबैल स्टँडला बस आहे, मी बापूबरोबर जाऊन बघून आलो, ड्रायव्हर पेशावरकडचा आहे, फार नीट चालवतो, मी पुढंच बसलो होतो. वेळ जास्त लागेल, मान्य आहे. खिडकीला डोकं टेकव.

झालं, भाषण झालं. माफ कर. डीएचए ची, म्हणजे दुबईच्या आरोग्य खात्याची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेल्या पोरीला मी काय शिकवणार, तू माणसांना रात्रभर जागी राहून सांभाळतेस. तुझ्या बरोबरची ती केरळची सिस्टर मला म्हणाली, "अंकल, नाईटला आशू असली की आम्ही निर्धास्त." मी तिला काही बोललो नाही, पण विमानात मला तेच आठवत होतं आणि शेजारच्या माणसाला मी दोनदा सांगितलं की माझी मुलगी दुबईत नर्स आहे.

एक विचारायचंय आणि रागावू नको. त्या जादाच्या नाईट तू स्लॅबसाठी घेतेस का? मला बापू बोलला, त्याला बोलू नको. स्लॅब पुढच्या वर्षी पडला तरी चालतो. पत्र्याखाली आपण तीस वर्षं राहिलो. दादाशी मी बोललोय, त्याला पटलंय, वैनीला पण. ह्या महिन्यात पैसे पाठवू नको. विहिरीला पुढं पाणी किती लागलं ते तुला माहितीये, आणि तेवढ्यासाठी मी त्रेचाळीस माणसं घेऊन झोपलो होतो.

बूट घालून काल डेपोपर्यंत चालत गेलो, बरोबर बसतात. आई विचारते चटणी संपली का आणि जवसाची पाठवू का कारळ्याची, ते तिला कळव.

आणि एक कर. तुझ्याकडं सात वाजतात तेव्हा इथं साडेआठ होतात. मी फोन घेऊन ओट्यावर बसलेला असतो, आई म्हणते आत या, ऊन आलं, मी जात नाही. पोचलीस की काही लिहू नको, बोलू पण नको, नुसतं एक टिंब पाठव आणि झोप.

तुझा,
आण्णा