सूचनावही पुन्हा फिरवा

महोदय,

अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात मी तीस वर्षे काढली. तेव्हा शिपाई सूचनावही घेऊन स्टाफरूममध्ये यायचा. वाचून नावापुढे सही करायची. आता रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर परिपत्रकाचा तिरका फोटो येतो, जावक क्रमांक कापलेला. परवा तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर शिकवणाऱ्या एका बाईंना पर्यवेक्षणाला गैरहजर म्हणून मेमो मिळाला. त्या ग्रुपमध्येच नव्हत्या! साधा फोन वापरणाऱ्या आमच्या शिपाईमामांनी तरी काय करायचे?

शिक्षकाने रोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध असावे, असे यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१८ची नियमावली सांगते. निरोप त्याच वेळात द्यावा. ग्रुपवर जरूर टाका, पण कार्यालय सुटण्याआधी, आणि वही फिरवूनच.

– एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक, सातारा