अठ्ठेचाळीस किलोच्या पोरांना परत पाठवू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर बॉक्सिंगला जागा मिळते ती एक तर ऑलिम्पिक तोंडावर आलं की, नाहीतर एखाद्या हेवीवेटच्या लढतीत डोळे फिरवणारा पैसा लागला की. जपानच्या नाओया इनोउएचं नाव मला तिथे फारसं सापडलेलं नाही. हा माणूस चार वजनगटांत जगज्जेता झाला. त्यातल्या दोन गटांत चारही जागतिक संघटनांचे पट्टे एकाच वेळी त्याच्याकडे होते. आणि हे सगळं त्याने केलं 49 ते 55 किलोच्या आत. या पत्रात त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो आहे, कारण त्याची कारकीर्द आपल्या शहरातल्या पोरांच्या कामाची आहे.

मी अजनीला राहतो. रेल्वेत फिटर होतो. तरुणपणी खात्याच्या संघाकडून लाइट फ्लायवेटमध्ये, म्हणजे 48 किलोच्या गटात, खेळलो. आता सकाळी वस्तीतल्या पोरापोरींना शिकवतो. रिंग नाही, चुन्याने आखलेला चौकोन आहे आणि कडुलिंबाच्या फांदीला टांगलेल्या दोन बॅगा आहेत. येणारी पोरं बहुतेक 42 ते 50 किलोची. कुणाचे वडील ऑटो चालवतात, कुणाची आई चार घरची कामं करते. अंगाने काटक, पायाने चपळ, आणि दम असा की तीन राउंड झाले तरी "सर, अजून एक" म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात यातल्याच एका पोराला एका निवड चाचणीला घेऊन गेलो होतो. काट्यावर वजन भरलं 47.6 किलो. टेबलामागच्या गृहस्थांनी कागदावरची नजर वर न करता सांगितलं, "याला आधी खाऊ-पिऊ घाला सर. या वजनात काही भविष्य नाही." त्यांनी त्याचा एक जॅबसुद्धा, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पाहिला नाही. परतताना बसमध्ये तो पोरगा खिडकीबाहेर बघत बसला होता. मग मलाच म्हणाला, "सर, मी काहून असा बारीक आहो?"

47.6 किलो म्हणजे 105 पौंड. पुरुषांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या सगळ्यात हलक्या गटाची मर्यादा बरोबर हीच आहे. याच गटात 1990 मध्ये हिदेयुकी ओहाशी जगज्जेता झाला, आणि पुढे त्याच ओहाशीच्या जिममधून इनोउए आला. त्याला 'मॉन्स्टर' हे नावही ओहाशीनेच दिलं. तेव्हा "या वजनात भविष्य नाही" हे वाक्य त्या पोराला ऐकवायला नको होतं.

इनोउएचा जन्म 1993 चा, कानागावा प्रांतातल्या झामा गावचा. वडील शिंगो स्वतः हौशी बॉक्सर, रंगकामाचा व्यवसाय करणारे. त्यांनी नाओयाला शाळेत जायला लागल्यापासून घरीच शिकवायला सुरुवात केली, धाकटा ताकुमाही त्याच तालमीत वाढला, आणि आजतागायत त्याच्या कोपऱ्यात वडीलच उभे असतात. लंडन ऑलिम्पिकची संधी त्याच्या हातून गेली. कझाकस्तानात झालेल्या आशियाई पात्रता स्पर्धेत अंतिम लढत तो हरला. त्याच वर्षी, ऑक्टोबर 2012 मध्ये, तो व्यावसायिक झाला. सहाव्या लढतीत, एप्रिल 2014 मध्ये, त्याने मेक्सिकोच्या आद्रियान हर्नांदेसला सहाव्या राउंडमध्ये थांबवून लाइट फ्लायवेटचा पट्टा घेतला.

या लढतीबद्दल थांबून सांगायला हवं. 49 किलोत बसण्यासाठी तेव्हा त्याला इतकं वजन उतरवावं लागत होतं की लढतीत त्याच्या पायाला गोळे आले. पुढे त्या गटात एक लढत खेळून तो सरळ 52 किलोच्या सुपर फ्लायवेटमध्ये गेला, मधला फ्लायवेट गट ओलांडून. डिसेंबर 2014 मध्ये समोर होता अर्जेंटिनाचा ओमार नार्वाएस, जो त्याआधी एकदाच हरला होता आणि व्यावसायिक लढतीत कधी खाली पडला नव्हता. इनोउएने त्याला दोन राउंडमध्ये चार वेळा खाली बसवलं. नार्वाएसच्या माणसांना विश्वास बसेना. त्यांनी इनोउएचे ग्लोव्हज तपासायला मागितले. आत हात आणि बँडेज याशिवाय काय असणार? त्या ठोशांची किंमत इनोउएच्या उजव्या हातानेही मोजली. हाताच्या दुखापतीमुळे पुढचं जवळजवळ वर्षभर तो रिंगबाहेर होता.

मग तो साडेत्रेपन्न किलोच्या बॅन्टमवेटमध्ये आला आणि तिथे त्याने जे केलं ते पाहिलेल्याला विसरता येत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये हुआन कार्लोस पायानो या माजी जगज्जेत्याला त्याने 70 सेकंदांत झोपवलं. अगदी मोजका एक-दोन: डाव्या हाताचा जॅब, आणि त्याच्या मागून सरळ उजवा. तो जॅब आपण आपल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. पण इनोउएचा जॅब गार्डच्या फटीतून गेला, पायानोची नजर त्या जॅबवर गेली, आणि तेवढ्यात उजवा पोचला. मी पोरांना ही लढत मोबाइलवर हळू चालवून दाखवतो. "त्याचा हात बघू नका, मागच्या पायाची टाच बघा" असं सांगतो. टाच वळते, तिच्यामागून कंबर, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी पोचते. आमच्या शेडमध्ये घण मारायला धिप्पाड माणसं असत, पण गंजून बसलेली पिन निघायची ती एका बारीक अंगाच्या हेल्परच्या घावाने, कारण कंबर कधी फिरवायची ते त्याला ठाऊक होतं.

नोव्हेंबर 2019 ची साइतामामधली फिलिपिन्सच्या नोनितो डोनेअरशी झालेली लढत मात्र मला त्याच्या सगळ्या नॉकआउटपेक्षा मोठी वाटते. डोनेअर तेव्हा सदतिशीला टेकलेला, लोक म्हणत होते की हा दोन राउंडही टिकणार नाही. त्यानेच दुसऱ्या राउंडमध्ये डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, इनोउएच्या उजव्या डोळ्यावर जखम केली. नाकाचं हाड मोडलं, डोळ्याच्या खोबणीचं हाडही मोडलं. इनोउएला समोर एकाचे दोन डोनेअर दिसत होते, आणि तशा अवस्थेत तो उरलेल्या दहा राउंड खेळला. नवव्या राउंडमध्ये डोनेअरच्या उजव्याने त्याचे पाय लटपटले, त्याने मिठी मारली, श्वास घेतला.

आणि अकरावा राउंड. इनोउएने डावा हुक खाली टाकला, उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली, यकृतावर. यकृतावर बसलेला ठोसा लगेच दुखत नाही. क्षणभर काहीच होत नाही, मग पोटातून कळ उठते आणि पायातलं त्राण जातं. डोनेअरचंही तेच झालं. त्याने पाठ फिरवली, रिंगच्या कडेने काही पावलं चालला आणि गुडघ्यावर बसला. तरी उठला. बाराही राउंड झाले आणि इनोउए गुणांवर जिंकला. त्यानंतर डोनेअरने, मुलांना दिलेल्या शब्दाखातर, इनोउएने जिंकलेली ट्रॉफी एका रात्रीपुरती मागितली आणि इनोउएने ती दिली. अडीच वर्षांनी, जून 2022 मध्ये, दोघं परत भेटले तेव्हा लढत दुसऱ्या राउंडमध्येच संपली.

डिसेंबर 2022 मध्ये पॉल बटलरला अकराव्या राउंडमध्ये हरवून बॅन्टमवेटचे चारही पट्टे त्याचे झाले. लगेच ते सोडून तो 55 किलोच्या सुपर बॅन्टमवेटमध्ये गेला आणि 2023 या एकाच वर्षात स्टीफन फुल्टन व मार्लन तापालेस यांना हरवून तिथलेही चारही पट्टे त्याने घेतले. चार पट्ट्यांच्या काळात दोन गटांत असं करणारा तो टेरेन्स क्रॉफर्डनंतरचा दुसराच पुरुष बॉक्सर. मे 2025 पर्यंत त्याच्या 30 लढती झाल्या होत्या. तिसाही जिंकलेल्या, त्यातल्या 27 वेळेआधीच संपवलेल्या.

तो कधी पडला नाही असंही नाही, आणि हे मी पोरांना मुद्दाम सांगतो. मे 2024 मध्ये टोकियो डोममध्ये लुईस नेरीने पहिल्याच राउंडमध्ये त्याला डाव्या हुकने खाली पाडलं. ज्या डोममध्ये 1990 साली बस्टर डग्लसने माइक टायसनला हरवलं तिथे त्यानंतरची ही पहिली बॉक्सिंग लढत, प्रेक्षागृह भरलेलं, आणि हा आयुष्यात पहिल्यांदा खाली. घाईने उठला नाही. गुडघ्यावर बसून मोजणी ऐकली, आठला उभा राहिला, आणि मग नेरीला तीन वेळा पाडून सहाव्या राउंडमध्ये लढत संपवली. पुढच्या वर्षी लास वेगासला रामोन कार्देनासनेही त्याला पाडलं, तीही लढत त्यानेच थांबवली. आणि सप्टेंबर 2025 मध्ये नागोयात, ऑलिम्पिक कांस्यविजेत्या मुरोदजोन अखमादालिएव्हसमोर, त्याने नॉकआउटच्या मागे न लागता बारा राउंड पायांवर काढले. मारायचं, निघायचं, परत मारायचं. ठोशात एवढी ताकद असलेला माणूस इतका संयम ठेवतो हे मला फार शिकवणारं वाटलं.

आता त्या टेबलामागच्या गृहस्थांच्या म्हणण्याकडे येतो. ऑलिम्पिकपुरतं बघितलं तर त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. 1968 पासून 2008 पर्यंत ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा सगळ्यात हलका गट 48 किलोचा होता. लंडन आणि रिओला तो 49 झाला. टोकियोत 52, पॅरिसमध्ये 51, आणि 2028 च्या लॉस एंजेलिसला तो थेट 55 किलोवर नेला आहे. अमित पंघालने 2018 मध्ये आशियाई सुवर्ण मिळवलं ते 49 किलोत, पण टोकियोसाठी त्याला 52 किलोत यावं लागलं. मेरी कोमनेही तेच भोगलं. तिचा हक्काचा गट 48 चा, लंडनचं कांस्य तिने 51 मध्ये मिळवलं. हलक्या अंगाच्या देशांवर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आपल्या महासंघाने तो जोरात मांडला पाहिजे.

पण बॉक्सिंग ऑलिम्पिकपाशी संपत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये लिव्हरपूलला मीनाक्षी हुडा जगज्जेती झाली, 48 किलोत. रोहतकजवळच्या रुरकी गावची मुलगी, वडील ऑटोचालक. ती माझ्या चुन्याच्या चौकोनातल्या पोरींसारखीच आहे. तिला कुणी लहानपणी "आधी वजन वाढव" म्हणून घरी पाठवलं असतं तर? आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 मध्ये 81 किलोवरील गटात युवा जागतिक सुवर्ण आणलं तेव्हा सगळं शहर आनंदलं, मीही. तसाच आनंद 48 किलोच्या पोरासाठीही व्हावा.

आणखी एक, आणि हे काळजीपोटी लिहितो. एकीकडे आपण बारीक पोरांना वजन वाढवायला सांगतो, आणि दुसरीकडे 53 किलोचा पोरगा "खालच्या गटात सोपं जाईल" म्हणून त्याला 48 ला उतरवतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 ला असताना, प्लास्टिकचं जॅकेट घालून धावणारी पोरं मी मैदानावर पाहिली आहेत. पाणी बंद, तोंडाला फेस, ओठ फुटलेले. हे जिवावर बेतू शकतं. इनोउएसारख्याच्या पायातही गोळे आले, तेव्हा त्याच्या माणसांनी काय केलं? त्याला वरच्या गटात नेलं, आणि तिथेच त्याचा ठोसा खरा खुलला. पोराचं शरीर वाढतंय तसं त्याला वर जाऊ द्यावं, आणि जे शरीर 47 वरच थांबतंय त्याला 47 वर तयार करावं. नागपुरातल्या सगळ्या प्रशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे की वजन काट्यावर उतरवायच्या आधी पोराला दोन राउंड खेळताना बघा.

स्पर्धा भरवणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. हलक्या गटांच्या अंतिम लढती सकाळी, खुर्च्या लागायच्या आत उरकल्या जातात आणि पाहुणे येतात ते संध्याकाळी मोठ्या गटांना. एखाद्या वर्षी हा क्रम उलटा करून बघावा. आई-बाप कामावरून सुटल्यावर येऊ शकतील.

आणि आपल्याला विनंती ही की जिल्हा किंवा विभागीय स्पर्धेची बातमी देताना फक्त वरच्या दोन-तीन गटांचे विजेते छापले जातात, बाकीचे "इतर निकाल" म्हणून गाळले जातात, ते थांबवावं. 46, 48, 50 किलोच्या विजेत्या मुलामुलींची नावं, शाळा आणि कोणत्या राउंडमध्ये जिंकले एवढं छापलं तरी चार ओळी लागतील. निकालाचा कागद मराठीत नीट टाइप करून संध्याकाळी सहाच्या आत आपल्या कार्यालयात आणून द्यायची जबाबदारी मी आणि माझ्यासारखे दोघं-तिघं जुने खेळाडू आनंदाने घेऊ.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
अजनी, नागपूर