एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सरांना, जे त्या दिवशी माझ्या रांगेत येऊन उभे राहिले

आदरणीय सर,

कॅम्प संपला त्याच रात्री ग्रुपवर "थँक्यू सर" आणि जोडलेले हात टाकून झालं होतं, सगळ्यांनीच टाकलं, तुम्ही अंगठा दिला, विषय संपला. माझा नाही संपला. काल फर्स्ट इयरच्या पोरींनी विचारलं, ताई एनएसएस घेऊ का, मार्क मिळतात का त्याचे, आणि मी सांगायला गेले तर गळाच दाटून आला, पोरी माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी थोडं कडू बोलून घेते. ज्युनिअर कॉलेजला असताना गॅदरिंगच्या कमिटीत माझं नाव होतं आणि लगेच काढलं पण. कारण काय, तर "मुलगी आहे, उशिरापर्यंत थांबावं लागेल, आणि तिचा आवाज तरी निघतो का". टाकलं रांगोळीच्या टीमला. माझी रांगोळी ज्यांनी पाहिलीय त्यांना माहितीये तो निर्णय किती चुकीचा होता. मग पुढे एकदा व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर झालं, पैसे भरून, एप्रिलमध्ये, जळगावचा पारा चाळिशीच्या पार, आणि बाहेरून आलेले ते सर अंगात कोट घालून आम्हाला मूठ वर करायला लावतायत, म्हणा "मी लीडर आहे!". म्हटलं मी. सर्टिफिकेट लॅमिनेट करून कपाटात आहे, दुसऱ्या दिवशी वर्गात शंका विचारायला हात काही वर झाला नाही.

त्यामुळे तुम्ही कॅम्प लीडर म्हणून माझं नाव वाचलं तेव्हा पोरांनी तोंडं वाकडी केली ते मला समजू शकतं, मलाच वाटलं की यादी वाचताना ओळ चुकली. एनएसएस १९६९ ला सुरू झालं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरुवातीला ३७ विद्यापीठं, हे मी २४ सप्टेंबरच्या, म्हणजे एनएसएस दिनाच्या भाषणासाठी पाठ केलेलं. त्यापलीकडे काय, वर्षाचे १२० तास भरले की झालं, असंच आमचं होतं.

कॅम्प कसा ठरला, परवानग्या, ट्रॅक्टर, किराणा, ते जाऊ द्या. चोपडा तालुक्यातलं ते सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, आणि तो नाला. वनराई बंधारा, म्हणजे गोण्या रचून पाणी अडवणारा कच्चा बांध, पाऊस संपल्यावर नाल्याला धार आहे तोवरच बांधायचा असतो, म्हणून घाई. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात वाळू-माती, तोंड सुतळीने शिवायचं. गावातल्या काकांनी मला आदल्या संध्याकाळीच समजावलं होतं की गोणी गच्च भरायची नाही, जरा ढिली ठेवायची म्हणजे ती बसते, आणि रचताना विटांसारखा सांधा मोडायचा. आमच्या पोरांनी जोशात एकेक गोणी भोपळ्यासारखी फुगवली. रचल्या तर मधून पाणी आरामात चाललंय. मी सांगतेय, परत सांगतेय, कोण ऐकतंय, मागून आलंच, "जाऊ दे ना भो, हिला काय कळतं बंधाऱ्यातलं".

तुम्ही वर काठावर उभे होता. तुम्हाला ऐकू गेलं होतं. दुसरं कोणी असतं तर वरूनच "ए!" करून ओरडलं असतं, पाच मिनिटं सगळे गप्प, आणि पुढचे सगळे दिवस मी "सरांची लाडकी". तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढल्या, खाली उतरून रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "लीडर, मला काय काम आहे?"

मी काय बोलणार, "सर तुम्ही बसा ना".

"बसायचं नको, दुसरं सांगा."

सांगा म्हणालात सर. मला. मग मी कसंबसं बोलले की गोणी एवढीच भरायची, शिवायला वर जागा ठेवायची. तुम्ही फावडं घेऊन भरायला लागलात आणि तुमचीही जास्त झाली. मी हळूच म्हटलं, सर जास्त झाली. पन्नासेक पोरं बघतायत. तुम्ही हसला नाहीत, "चालतं गं" म्हणाला नाहीत, गोणी आडवी केली, हाताने माती परत घमेल्यात काढली, उभी करून विचारलं, "आता?" मी म्हटलं, हां सर, आता बरोबर. झालं. त्यानंतर मला कोणाला काही सांगावं लागलं नाही, आपोआप आधीच्या गोण्या सुटायला लागल्या. "हिला काय कळतं" वाला तर दुपारपर्यंत माझ्याकडेच दाभण मागायला येत होता.

तुमच्यासाठी ती गोष्ट किती लहान असेल मला माहीत नाही, तुम्ही कदाचित विसरलाही असाल. माझ्यापाशी ती गोणी अजून आहे.

त्या दिवसानंतर मी ओरडायचा प्रयत्नच सोडला. सकाळी सगळ्यांना उभं करून सूचना द्यायच्या ऐवजी चहाच्या वेळी एकेका गटात जाऊन बसायचे आणि तिथेच काम ठरवायचे. मला स्टेज जमत नाही, माईक बघून पोटात कालवतं, पण कोण जेवलं नाही, कोणाच्या हाताला फोड आलेत, कोणाचं घरून आलेल्या फोननंतर लक्ष नाही हे मला न सांगता दिसतं, आणि पन्नास जणांकडून काम करून घ्यायला हेच जास्त कामाचं आहे. गावातल्या आजीबाई "बठ पोरी" म्हणाल्या तर मी सरळ अहिराणीत सुरू झाले, कॉलेजात जी मी कायम दाबून ठेवलेली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या बाया स्वतःच्या दाभणी घेऊन गोण्या शिवायला हजर.

आपल्या अमळनेरला साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, वसतिगृहही सांभाळायचे, पोरांचे कपडे धुवायचे, अंथरुणं आवरायचे, असं आजोबा सांगायचे तेव्हा मला वाटायचं मोठ्या माणसांबद्दल लोक वाढवूनच बोलतात. आता नाही वाटत. आणि एकदा डोळे उघडले की अशी माणसं दिसायलाच लागतात, आमच्या फाट्यावर पळत येणारी पोरगी दिसली की बेल धरून ठेवणारे कंडक्टर काका, प्रॅक्टिकल फसलं तर कोणाला न सांगता परत साहित्य काढून देणारे लॅबचे दादा. यांना कुणी स्टेजवर बोलवत नाही. स्टेजवर कोटवालेच.

बंधाऱ्यात फेब्रुवारीपर्यंत पाणी होतं, गुरं तिथेच प्यायची, काकांचा फोन आला होता. पाऊस संपला की तो परत बांधावा लागणार, पुराबरोबर गोण्या गेल्या असणार. मी फर्स्ट इयरच्या त्या पोरींची नावं लिहून घेतलीत, फॉर्म सोमवारी देते.

आणि आईचा निरोप आहे, थंडी पडली की घरी यायचं, मॅडम आणि छोटूला घेऊन. हिरव्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी. तिखट कमी टाकायला सांगेन, पण आई ऐकेल याची गॅरंटी नाही.

तुमची विद्यार्थिनी,
एसवाय बीएस्सी